सत्त्वपरीक्षा

सकाळी दारी येणारे दूध पांढरे असते. त्यात पाणी मिसळले, तरीही ते पांढरेच दिसते. हळदीत पिवळा रंग कालवला, तर ती पूर्वीपेक्षा अधिक उजळ आणि चांगली वाटू लागते. नुसत्या डोळ्यांनी पदार्थाची पारख होत असती, तर रसायनशास्त्राला फारसे काम उरले नसते. पदार्थात काय आहे, किती आहे आणि नसावे असे त्यात काही शिरले आहे काय, हे जाणण्यासाठी त्याचे घटक निराळे करून पाहावे लागतात. हे काम ज्यांनी आयुष्यभर केले आणि स्वतःची पारख तरी वरवरच्या रूपावरून होऊ नये म्हणून ज्यांना झगडावे लागले, त्या डॉ. कमला सोहोनी यांचे हे चरित्र आहे.

कमलाबाई माहेरच्या भागवत. त्यांचा जन्म १९११ साली इंदूर येथे झाला. वडील नारायणराव आणि चुलते माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते. जमशेटजी टाटांच्या दानातून बंगलोर येथे जी विज्ञानसंस्था उभी राहिली, तेथून शिकून बाहेर पडलेल्या पहिल्या पिढीत या दोघा भावांची गणना होते. योगायोग असा की, त्या संस्थेत विद्यार्थ्यांची पहिली तुकडी दाखल झाली तीही १९११ सालीच. कमलाबाईंची थोरली बहीण दुर्गा. लोकसाहित्याच्या थोर अभ्यासक आणि लेखिका म्हणून महाराष्ट्र ज्यांना ओळखतो, त्या याच दुर्गाबाई भागवत. १९७५ साली कऱ्हाड येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्षा होत्या आणि आणीबाणीच्या त्या दिवसांत त्यांनी तेथे विचारस्वातंत्र्याची बाजू निर्भयपणे मांडली. एक बहीण शब्दांच्या राज्यात रमली, दुसरी परीक्षानळ्यांच्या. बाणा मात्र दोघींचा एकच होता.

ज्या घरात वडील आणि चुलते रसायनशास्त्राचे उपासक, त्या घरातील मुलीने तोच विषय निवडला, यात नवल नाही. १९३३ साली कमलाबाई मुंबई विद्यापीठाची बी. एस्सी. परीक्षा उत्तीर्ण झाल्या. रसायनशास्त्र हा त्यांचा मुख्य विषय होता आणि पदार्थविज्ञान दुय्यम. परीक्षेत त्यांचा क्रमांक पहिला आला. पुढचा मार्ग जणू आखून ठेवलेला होता. वडील जेथे शिकले, त्या बंगलोरच्या संस्थेत जावे आणि संशोधन करावे, असे ठरवून त्यांनी अर्ज केला. अर्ज नामंजूर झाला. गुण कमी पडले नव्हते, की जागा संपल्या नव्हत्या. अर्जदार स्त्री होती, एवढेच कारण होते.

संस्थेचे संचालक त्या वेळी सर चंद्रशेखर वेंकट रामन हे होते. प्रकाशाच्या विकिरणासंबंधीच्या शोधाबद्दल १९३० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले होते आणि साऱ्या देशाला त्यांचा अभिमान वाटत होता. परंतु संशोधनाच्या प्रयोगशाळेत स्त्रियांना घेण्यास ते राजी नव्हते. मोठ्या वाड्यातही एखादी खोली अंधारी राहून जाते, तसेच हे म्हणावयाचे.

कमलाबाई घरी बसून हळहळणाऱ्या नव्हत्या. त्या थेट बंगलोरला गेल्या, संचालकांना भेटल्या आणि प्रवेश का नाकारला, हे त्यांनी विचारले. ज्या परीक्षेत मुलगे मागे पडले, त्याच परीक्षेत पहिली आलेली मुलगी संशोधनाला अपात्र कशी ठरते, या प्रश्नाला समाधानकारक उत्तर मिळण्यासारखे नव्हतेच. तेव्हा प्रवेश मिळेपर्यंत येथेच सत्याग्रह करण्याचा निश्चय त्यांनी बोलून दाखवला. तो काळ गांधीजींच्या चळवळीचा होता. सत्याग्रह या शब्दाचे वजन तेव्हा लहानथोर साऱ्यांना ठाऊक होते. अखेर संचालकांनी प्रवेश दिला; पण तो अटींनी बांधलेला होता. पहिले वर्ष कमलाबाईंना नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नव्हते. त्यांच्या कामाने संचालकांचे समाधान झाले, तरच त्या कामाला मान्यता मिळणार होती. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्रीदेखील, त्यांनी काम केले पाहिजे आणि त्यांच्या उपस्थितीमुळे प्रयोगशाळेतील वातावरण बिघडता कामा नये, अशाही अटी होत्या.

कोणत्याही मुलग्याला अशा अटी कधी घातल्या गेल्या नव्हत्या. कमलाबाईंना हा अपमान फार लागला. पुढे उतारवयातही, रामन यांची शास्त्रज्ञ म्हणून असलेली थोरवी मान्य करून, आपल्याला मिळालेली ती वागणूक आपण विसरलो नाही, हे त्या उघडपणे सांगत असत. त्या वेळी मात्र त्यांनी अटी मान्य केल्या. परीक्षा घेणाऱ्याने उत्तर आधीच मनाशी धरले होते. ते चुकीचे आहे, हे दाखवण्याचा एकच उपाय होता, आणि तो म्हणजे काम.

मार्गदर्शक म्हणून त्यांना श्रीनिवासय्या हे गुरू लाभले. ते शिस्तीचे कडक होते. पण शिकवण्यात त्यांनी हात राखला नाही. पहाटेपासून रात्रीपर्यंत कमलाबाई कामात गढलेल्या असत. त्यांचा विषय होता दूध, डाळी आणि कडधान्ये यांतील प्रथिने. आपल्या देशातील बहुसंख्य लोकांना मांसाहार रोज मिळत नाही. शरीराची बांधणी करणारी प्रथिने त्यांना दूध आणि डाळ यांतूनच मिळतात. म्हणून हा विषय केवळ पुस्तकी नव्हता. गरिबाच्या ताटाशी त्याचा संबंध होता.

प्रथिन निराळे काढावयाचे म्हणजे काय, याची थोडी कल्पना घरातल्या स्वयंपाकघरातूनही येते. तापत ठेवलेल्या दुधात लिंबू पिळले की ते फाटते. चोथा एकीकडे होतो आणि हिरवट पाणी दुसरीकडे. या चोथ्यात केसीन नावाचे प्रथिन असते. पण तो चोथा म्हणजे शुद्ध केसीन नव्हे. त्याच्याबरोबर स्निग्धांश येतो, क्षार येतात, थोडी साखर अडकून राहते. उरलेल्या पाण्यातही निराळ्या जातीची प्रथिने विरघळलेली असतातच. म्हणून रसायनशास्त्रज्ञ तो चोथा धुतो, पुन्हा विरघळवतो, पुन्हा साकळवतो, आणि हे पुनःपुन्हा करत राहतो. दर वेळी तो काही गुणधर्म मोजतो. मोजमाप बदलत आहे, तोवर काहीतरी बाहेर जात आहे, म्हणजे पदार्थ अजून शुद्ध नाही, असे तो समजतो. मोजमाप स्थिर झाले की मग थांबावयाचे. या कामात घाई करणाऱ्याला शास्त्र क्षमा करत नाही.

वर्ष संपले तेव्हा कमलाबाईंच्या कामाची सचोटी आणि चिकाटी पाहून संचालकांचे समाधान झाले. त्यांचे संशोधन मान्य झाले, १९३६ साली त्यांना एम. एस्सी. पदवी विशेष गुणवत्तेसह मिळाली आणि त्या संस्थेचे दार स्त्रियांसाठी उघडले. हवामानशास्त्रात पुढे ज्यांनी मोठे नाव मिळवले, त्या अण्णा मणी १९४० साली त्याच संस्थेत आल्या आणि त्यांनी खुद्द रामन यांच्याच प्रयोगशाळेत संशोधन केले.

शिष्यवृत्ती मिळवून कमलाबाई १९३७ साली इंग्लंडमध्ये केंब्रिज येथे गेल्या आणि न्यूनम या स्त्रियांच्या महाविद्यालयात दाखल झाल्या. तेथील जैवरसायन विभागाचे प्रमुख सर फ्रेडरिक हॉपकिन्स होते. जीवनसत्त्वांच्या संशोधनाबद्दल १९२९ साली नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला होता. कमलाबाईंनी प्रथम डेरेक रिक्टर यांच्याबरोबर आणि ते गेल्यावर रॉबिन हिल यांच्याबरोबर काम केले. हिल यांनी त्यांना वनस्पतींच्या अभ्यासाकडे वळवले.

जीव श्वास घेतो म्हणजे त्याच्या पेशीत नेमके काय घडते, हा त्या काळचा मोठा प्रश्न होता. केंब्रिजमध्येच डेव्हिड केलिन यांनी १९२५ साली दाखवून दिले होते की, प्राण्यांच्या स्नायूंत आणि यीस्टच्या पेशींत एक रंगद्रव्य असते आणि पेशींच्या श्वसनात त्याचा वाटा असतो. त्याचे नाव सायटोक्रोम. ते ओळखण्याची रीत मोठी सुंदर आहे. पदार्थातून आलेला प्रकाश लोलकाने फाकवून सात रंगांचा पट्टा केला, तर या पट्ट्यात ठराविक जागी काळसर रेघा उमटतात. या रेघा म्हणजे त्या द्रव्याची जणू स्वाक्षरीच. पण हिरव्या पानात हरितद्रव्य इतके भरलेले असते की, ते स्वतःच बराचसा प्रकाश गिळून टाकते आणि बाकीच्या द्रव्यांच्या रेघा झाकल्या जातात. कमलाबाईंनी आपल्या कामाला प्रारंभ केला तो बटाट्यापासून. त्यात हरितद्रव्याची ही अडचण नसते. बटाट्यापासून सुरुवात करून त्यांनी दाखवून दिले की, वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम-सी हे द्रव्य असते. माणसाच्या स्नायूत जी यंत्रणा चालते, तिचाच भाग शेतातल्या बटाट्यातही आहे, असा याचा अर्थ. हे काम त्यांनी अवघ्या चौदा महिन्यांत पुरे केले. त्यांचा प्रबंध टंकलिखित चाळीस पानांचा होता. जाडजूड प्रबंधांची सवय असलेल्यांना आश्चर्य वाटावे, इतका तो लहान होता; पण सांगावयाचे ते चाळीस पानांत मावत असेल, तर चारशे पाने कशाला? १९३९ साली त्यांना डॉक्टरेट मिळाली. केंब्रिज विद्यापीठाची विज्ञान विषयातील ही पदवी मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला होत.

कमलाबाई केंब्रिजमध्ये होत्या, त्याच सुमारास तेथे आर्चर मार्टिन आणि रिचर्ड सिंग हे दोन तरुण दुसऱ्या एका कोड्याशी झुंजत होते. लोकर हेही एक प्रथिनच आहे. प्रथिन तोडले की त्यातून अमिनो आम्ले नावाचे सुमारे वीस प्रकारचे लहान घटक मिळतात. ते एकमेकांसारखे इतके असतात की, त्यांना एकमेकांपासून निराळे करताना शास्त्रज्ञ मेटाकुटीस येत. मार्टिन आणि सिंग यांना या कोड्याचे उत्तर पुढे लीड्स या गावी, १९४१ साली सापडले आणि त्याबद्दल १९५२ सालचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. पदार्थांची शुद्धता तपासण्याची सारी रीतच या शोधाने बदलून टाकली. आणि पुढे कमलाबाईंनी ज्या दोन क्षेत्रांत आयुष्य वेचले, त्या जैवरसायनात आणि अन्नपरीक्षेत तर तिने फारच मोठी मदत केली. म्हणून तिची हकीकत येथे सांगितली पाहिजे.

या रीतीचे नाव क्रोमॅटोग्राफी, म्हणजे वर्णलेखन. तिचे मूळ आणखी मागे जाते. मिखाईल त्स्वेत या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने पोलंडमधील वॉर्सा या शहरी १९०३ साली ती प्रथम विद्वानांपुढे मांडली. त्याने खडूच्या पुडीने एक काचनळी भरली, वरून पानांचा हिरवा अर्क ओतला आणि मग शुद्ध द्रावक हळूहळू सोडत राहिला. अर्क खाली उतरताना हिरवा रंग एकसंध राहिला नाही. नळीत हिरव्या आणि पिवळ्या रंगांचे निरनिराळे पट्टे उमटले. ज्याला सारे जण एक रंग समजत होते, तो अनेक द्रव्यांचा मेळावा निघाला. त्या काळच्या मोठमोठ्या रसायनशास्त्रज्ञांनी या रीतीवर विश्वास ठेवला नाही. त्स्वेत १९१९ साली वारला, आणि त्याच्या रीतीला मान मिळू लागला तो १९३१ नंतर. गाजराचे शुद्ध रंगद्रव्य म्हणून वर्षानुवर्षे जे ओळखले जात होते, तेही एक नसून त्यात निरनिराळी द्रव्ये आहेत, हे तेव्हा याच रीतीने सिद्ध झाले.

ही गंमत घरीही पाहता येते. टीपकागदाची एक पट्टी घ्यावी. तिच्या तळापासून दोन बोटे अंतरावर काळ्या शाईचा ठिपका द्यावा आणि ठिपका पाण्याच्या वर राहील अशा बेताने पट्टीचे टोक पाण्यात बुडवून ती उभी टांगावी. पाणी कागदातून वर चढू लागते आणि ठिपक्यातील रंगांना आपल्याबरोबर नेते. ज्या रंगाला पाण्याची ओढ अधिक, तो दूर जातो. ज्याला कागदाची ओढ अधिक, तो मागे रेंगाळतो. बहुतेक काळ्या शायांतून निळा, जांभळा, पिवळा असे रंग निरनिराळ्या उंचीवर थांबलेले दिसतात. यात्रेला एकत्र निघालेली माणसे चालण्याच्या वेगाप्रमाणे वाटेत मागेपुढे पांगावीत, तसाच हा प्रकार.

मार्टिन आणि त्यांचे सहकारी यांनी १९४४ साली कागदावरची हीच रीत अमिनो आम्लांना लावली. ही आम्ले रंगहीन असतात. तेव्हा कागद वाळवून त्यावर निनहायड्रिन नावाचे द्रव्य शिंपडतात, मग बहुतेक आम्लांच्या जागी जांभळे ठिपके उमटतात. शुद्धता तपासणाऱ्याला यात फार मोठे साधन मिळाले. शेजारी खात्रीच्या शुद्ध पदार्थाचा ठिपका ठेवावयाचा आणि दोघांना एकाच वेळी चालू द्यावयाचे. तपासावयाच्या पदार्थाचा एकच ठिपका उमटला आणि तो शेजाऱ्याच्या बरोबरीने थांबला, तर तो तोच पदार्थ असण्याचा संभव पुष्कळ. दोन उमटले, तर त्यात कोणी दुसरा लपला आहे, हे उघड. मात्र एक ठिपका पाहून लगेच निश्चिंत होता येत नाही. दोन निराळी द्रव्ये एका द्रावकात एकाच वेगाने चालू शकतात. म्हणून कागद आडवा फिरवून, दुसऱ्या द्रावकात तीच परीक्षा पुन्हा घ्यावी लागते. दोन्ही परीक्षांत जो एकटा राहिला, त्याच्यावर विश्वास ठेवावयाचा.

कमलाबाई १९३९ साली मायदेशी परतल्या. परदेशात राहिल्या असत्या, तर कामाच्या सोयी पुष्कळ मिळाल्या असत्या. पण देशात स्वातंत्र्याची चळवळ चालू असताना आपली विद्या येथेच उपयोगी पडावी, असे त्यांना वाटले. दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात नव्या जैवरसायन विभागाच्या त्या प्रमुख झाल्या. तेथून त्या दक्षिणेत कुन्नूर येथील पोषणविषयक प्रयोगशाळेत साहाय्यक संचालक म्हणून गेल्या. १९४७ साली मा. वि. सोहोनी यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्या मुंबईस आल्या. तेथील विज्ञानसंस्थेत जैवरसायनाचा विभाग नव्याने निघत होता. प्राध्यापक म्हणून त्या त्यात आल्या आणि त्यांच्या आयुष्यातील सर्वांत दीर्घ असा कामाचा काळ सुरू झाला.

या विभागात त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी निवडलेले विषय पाहिले, म्हणजे त्यांची दृष्टी कोठे होती ते कळते. वाल, इतर कडधान्ये, तांदळाचे पीठ, नीरा. बाजारात सहज मिळणारे, गरिबाच्या घरी शिजणारे हे पदार्थ. कच्च्या डाळी-कडधान्यांत प्रथिने भरपूर असली, तरी त्यांच्या पचनात अडथळा आणणारी काही द्रव्येही असतात. पोटातील ट्रिप्सिन हे प्रथिने पचवणारे विकर ती अडवून धरतात. ही द्रव्ये निराळी काढून, शुद्ध करून त्यांचे गुण तपासण्याचे काम कमलाबाईंच्या विद्यार्थ्यांनी केले. नीट शिजवल्यावर या द्रव्यांचा जोर पुष्कळच ओसरतो. वाल भिजवून, मोड आणून, सोलून चांगले शिजवण्याची कोकणातील रीत किती शहाणपणाची आहे, हे यावरून ध्यानात यावे.

नीरेचे काम त्यांच्याकडे आले ते राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून. ताडामाडाचा हा गोड रस सूर्योदयापूर्वी उतरवून ताजा प्यावयाचा असतो. ऊन लागले की तो आंबू लागतो आणि नीरेची ताडी होते. मडक्याला आतून चुना लावला, तर आंबण्याची क्रिया लांबते. या रसात आणि त्याच्या गुळात जीवनसत्त्वे व लोह आहेत, तेव्हा कुपोषित आदिवासी मुलांना आणि गरोदर स्त्रियांना त्याचा उपयोग होईल काय, हे कमलाबाईंनी तपासले आणि तो होतो, असे त्यांना आढळले. या कार्यासाठी त्यांना राष्ट्रपतिपदक मिळाले. मुंबईजवळच्या आरे दुग्धकेंद्रालाही दुधाचा कस सुधारण्याच्या कामी त्यांनी सल्ला दिला. तेवीस वर्षांच्या वयात जिने दुधाच्या प्रथिनांवर पहिले प्रयोग केले, तिच्याकडे लाखो मुंबईकरांचे दूध पुन्हा प्रश्न घेऊन आले, असे म्हणता येईल.

येथेही सारे सुरळीत झाले असे नाही. संस्थेच्या संचालकपदावर त्यांचा हक्क असूनही ते पद त्यांच्या वाट्यास यावयास चार वर्षे लागली. अखेर त्या संचालक झाल्या. बंगलोरला ज्यांना विद्यार्थिनी म्हणून घेण्यास नकार मिळाला होता, त्याच आता एका विज्ञानसंस्थेच्या प्रमुख होत्या. या पदावर आलेल्या त्या पहिल्या महिला.

प्रयोगशाळेतील विद्या बाजारपेठेपर्यंत नेण्याचे काम त्यांनी उत्तरायुष्यात केले. १९६६ साली मुंबईत नऊ महिलांनी कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ही ग्राहकांची संस्था काढली. कमलाबाई तिच्या कामात उत्साहाने शिरल्या, तिच्या कीमत या नियतकालिकात लिहू लागल्या आणि १९८२-८३ साली तिच्या अध्यक्षा झाल्या. दोन पैशांच्या नफ्यासाठी लोक अन्नात काय मिसळतील याला सीमा नव्हती. हळदीत आणि डाळीत मेटॅनिल यलो हा कापडाचा, पोटाला घातक असा रंग घालत. वापरलेली चहाची पत्ती वाळवून, रंगवून पुन्हा विकत. विदर्भात पिकणारी लाखोळी डाळ स्वस्त म्हणून तुरीच्या डाळीत मिसळत. आणि ती दीर्घकाळ भरपूर खाल्ली, तर माणसाचे पाय लुळे पडू शकतात.

या प्रत्येक ठिकाणी वर्णलेखन उपयोगी पडते. चहाची पत्ती ओल्या टीपकागदावर पसरून ठेवली आणि कागदावर रंगाचे ओघळ उमटले, तर पत्ती रंगवलेली आहे हे गृहिणीलाही कळते. हळदीतील परका रंग प्रयोगशाळेत कागदावर चालवला, की तो हळदीच्या स्वतःच्या रंगापासून दूर होतो आणि पकडला जातो. लाखोळीतील पाय लुळे करणारे द्रव्य १९६४ साली निराळे काढून ओळखले गेले, त्या कामात बंगलोरच्या त्याच विज्ञानसंस्थेतील शास्त्रज्ञांचा मोठा वाटा होता.

नुसत्या एका मोजमापावर विसंबले तर काय घडते, याचे भयंकर उदाहरण मात्र कमलाबाईंच्या पश्चात जगाने पाहिले. दुधात प्रथिन किती आहे, हे सामान्यतः त्यातील नत्र, म्हणजे नायट्रोजन मोजून ठरवतात, कारण प्रथिनांच्या वजनात सुमारे १६ टक्के नत्र असते. २००८ साली चीनमध्ये उघडकीस आले की, दुधात पाणी घालून वर मेलामाइन नावाचे द्रव्य मिसळले जात होते. मेलामाइनचे दोनतृतीयांश वजन नत्राचेच असते. नत्र मोजले की आकडा बरोबर येई आणि दूध कसदार ठरे. ते पिऊन सुमारे तीन लाख बालके मूत्रपिंडाच्या विकाराने आजारी पडली आणि त्यांतील सहा दगावली. नत्राच्या मोजणीला फसवणारे हे द्रव्य क्रोमॅटोग्राफीला फसवू शकले नाही. घटक निराळे करताच ते उघडे पडले. आता तपासनळीतून दर मिनिटाला अनेक घटक ओळखणारी यंत्रे आली आहेत; पण त्यांच्या पोटात चालते ते त्स्वेतच्या खडूच्या नळीतील तत्त्वच.

कमलाबाईंचे नाव त्यांच्या हयातीत फार गाजले नाही. वृत्तपत्रांत त्यांच्याविषयी क्वचितच छापून येई. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या महासंचालकपदी डॉ. सत्यवती या पहिल्या महिला आल्या, तेव्हा त्यांना कमलाबाईंच्या कार्याची हकीकत कळली. त्यांनी कमलाबाईंना दिल्लीस बोलावून त्यांचा सत्कार योजला. तो समारंभ चालू असतानाच कमलाबाई कोसळल्या आणि त्यानंतर लवकरच, १९९८ साली, त्यांचे निधन झाले. थोरल्या दुर्गाबाई त्यांच्यामागे चार वर्षे होत्या.